फीडचं सामाईक खातं

मला पत्रक लिहिता येतं. वर मोठ्या अक्षरात जाब, मधे मागण्या, खाली मुद्रकाचं नाव. जबलपुरातल्या वस्त्यांमधून मी अशी पत्रकं कॉलेजात जायच्या आधीपासून वाटत आले. पाणी, रेशन, बसच्या फेऱ्या, शाळेतली कुलूप लावलेली खोली. त्यांत आभार हा शब्द मी कधी घातला नाही. आभार मानले की समोरचा सैल पडतो आणि आपणही, असं आमच्या गटातल्या मोठ्यांनी शिकवलं होतं. मला ते पटलंही होतं. म्हणून हे लिहायला उशीर झाला. 

गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या नर्सिंगच्या जागेची आहे.

बहीण मावशीबरोबर रिछाईला एका पॅकिंगच्या कारखान्यात जायची, डब्यांना लेबलं लावायला. लेबलं लावता लावता बारावी झाली, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसली आणि पास झाली. नंबर फार वरचा नव्हता, पण कुठल्यातरी सरकारी कॉलेजात जागा मिळेल इतका होता. त्यापुढे काउन्सेलिंग असतं. म्हणजे फेरी लागली की कियोस्कवर, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, जायचं, आपल्याला कोणती कॉलेजं हवीत ते क्रमानं भरायचं आणि मुदतीच्या आत लॉक करायचं. लॉक केलं नाही तर तुम्ही त्या फेरीत नाहीच.

पहिल्या फेरीची नोटीस वेबसाइटवर शुक्रवारी संध्याकाळी लागली आणि सोमवारी मुदत संपली. आम्हाला मंगळवारी कळलं. ज्या कार्यालयाची ती वेबसाइट, त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण हे पत्रक नाही. चौकशीला गेलो तर खिडकीमागचा माणूस शांतपणे म्हणाला, "नोटिस तो डाला था. देखना चाहिए था."

बहिणीनं विचारलं, "रोज देखें क्या?"

"देखने वाले रोज देखते हैं, बेटा."

परत येताना ती स्कूटीवर मागे बसली होती. मीच बोलत होते. कारखान्यात फोन बंद ठेवायला लावतात, घरी आल्यावर डेटा शिल्लक असला तर असतो, आणि यांनी नोटीस लावायची शनिवार-रविवार मधे घालून. आता दुसरी फेरी कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. ती हुकली तर पुन्हा एक वर्ष लेबलं, आणि परीक्षा पहिल्यापासून. पॅकिंगमधून परत अभ्यासाला आलेली मुलगी आमच्या ओळखीत तरी एकही नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं. नोटीस वेबसाइटवर, उमेदवार कारखान्यात, असा मथळा, हिंदीत. विजय नगरच्या बाजारात वाटायला उभी राहिले. तिथले लोक पत्रक घेतात, घडी करतात आणि पुढच्या दुकानाच्या पायरीवर सोडतात. एक बाई मात्र भाजीची पिशवी खाली ठेवून, चष्मा बदलून, अख्खं पत्रक वाचत उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "मराठी आहेस ना? बोलताना कळलं. राग बरोबर आहे तुझा. पण दुसरी फेरी लागेल तेव्हा तुला कसं कळणार, ते यात लिहिलेलंच नाही."

मी म्हटलं, "ते सांगणं त्यांचं काम आहे."

"आहेच. आणि ते नाही केलं त्यांनी तर?"

मला राग आला. त्या एका कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या, निवृत्त झालेल्या, त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत असल्यापासून या भागातलं. हे त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं आणि मी मनात म्हटलं, झालं, आता सल्ला. पण त्यांनी सल्ला दिला नाही. घराचा पत्ता दिला आणि म्हणाल्या, "फीड म्हणजे काय माहीत आहे का? नाही? चलो, रविवारी ये. बहिणीलाही आण. फोन चार्ज करून आणा."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाय. आपल्या लोकायले चहा पाजते का ते पाह्य."

चहा पाजला. मग मॅडमनी (मी त्यांना शेवटपर्यंत मॅडमच म्हटलं) आपला लॅपटॉप उघडून दाखवला. डाव्या बाजूला वेबसाइटींची यादी, उजवीकडे त्या त्या ठिकाणी नवीन आलेलं, ताज्यापासून जुन्याकडे. ग्रंथालयांच्या घोषणा, दोन-तीन मासिकं, हवामान, कोणा बाईचा लोणच्यांचा ब्लॉग. "मी यातल्या एकाही साइटवर जात नाही," त्या म्हणाल्या. "साइटवर काही नवीन लागलं की ती स्वतः त्याची वर्दी बाहेर सोडते. ती फीड. आणि वर्दी गोळा करणारा हा रीडर. रोज दार वाजवायला जायचं नाही, समजलं?"

बहीण म्हणाली, "मतलब वो खुद बताएगा."

"हां. पण बताएगा कोण, ते आधी निवडायचं."

हे निवडणं मला वाटलं तसं पाच मिनिटांचं निघालं नाही. दोन रविवार गेले. मी पहिल्यांदा जे ॲप उतरवून घेतलं ते दिसायला फारच सुंदर होतं. फोटो मोठे, पानं उलटल्यासारखी उलटायची. पण त्याला वाटायचं की मला अजून काही आवडेल. मी भरतीच्या नोटिसा मागितल्या, त्यानं नट्यांची लग्नं दिली. नोटीस असायची, खाली कुठेतरी, दोन जाहिरातींच्या मधे दबलेली. मॅडमनी ते बघून एवढंच म्हटलं, "याला आपलं दुकान चालवायचंय." काढून टाकलं.

दुसरं, संगणकात बसवायचं होतं. ते मला आवडलं कारण खातं-बितं काही नको. पण संगणक चालू असेल तेव्हाच ते बघायला जाणार, आणि आमच्याकडे संगणक एकच, विहाराच्या वाचनालयातला, ज्याला वीज असली तर माउस नसतो आणि माउस असला तर चावी ज्यांच्याकडे ते गावाला गेलेले. तिसरा मार्ग ईमेलचा. नवीन काही लागलं की मेल. यावर बहीण हसली. आमच्या वस्तीत प्रत्येकाचा मेल आयडी आहे आणि तो कियोस्कवाल्या भैयानं बनवलेला आहे आणि पासवर्ड त्यालाच माहीत आहे.

शेवटी एक अगदी साधा रीडर ठरला. ब्राउझरमध्ये उघडतो, फोनवरही चालतो, कमी डेटा खातो, हिंदी अक्षरांचे चौकोन करत नाही, स्वतःहून काही सुचवत नाही. मॅडमनी आणखी एक गोष्ट तपासली जी मला सुचली नसती. आपली यादी फाइलमध्ये बाहेर काढता येते की नाही. "हे लोक एक दिवस दुकान बंद करतात," त्या म्हणाल्या. "मी ज्याच्यावर वर्षानुवर्षं वाचत होते तो बंद झाला. यादी काढून घेतली होती म्हणून वाचले. आपलं सामान उचलून निघता येत नसेल तर त्या घरात राहायला जाऊ नये."

हे वाक्य मी नंतर भाडेकरूंच्या पत्रकात वापरलं. त्यांना विचारलं नाही.

खरी अडचण पुढेच होती. त्या कार्यालयाच्या वेबसाइटवर कोपऱ्यात फीडचं नारिंगी चिन्ह होतं. मी खूश झाले, जोडलं, आणि आत शेवटची नोटीस काही वर्षांपूर्वीची. चिन्ह लावलं होतं, नळ जोडलाच नव्हता. मी उठून उभी राहिले. म्हटलं, याच्यावर पत्रक काढते.

"काढ नंतर. बस," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी दुसरं एक साधन शोधलं. ते पानावर नजर ठेवतं, पान बदललं की त्याची फीड स्वतः बनवून देतं. ते लावलं आणि तासाभरात दहा-बारा वर्द्या आल्या. नवीन, नवीन, नवीन. उघडून पाहिलं तर काहीच नवीन नाही. पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले त्याचा आकडा होता, आणि तो प्रत्येक वेळी बदलत होता. वर "स्वागत है" असं सरकत जाणारं वाक्य होतं, तेही. मॅडमनी मग त्या पानावरचा फक्त नोटिसांचा चौकोन निवडला, बाकी सगळं सोडून दिलं. भाजी निवडतात तसं, जराही घाई न करता. त्यानंतर ते साधन गप्प बसलं. खरी नोटीस आल्यावरच बोललं, तीही कुठल्याशा दुसऱ्याच परीक्षेची होती, पण आम्ही तिघींनी ती आपलीच असल्यासारखी वाचली.

मग मी ती व्यवस्था आमच्या गटात नेली. आणि तिथे आम्ही जे केलं ते आम्हीच करू शकतो.

आमच्या वाचनालयात पेपर एकच येतो. जो पहिला येईल तो वाचतो, घडी घालून परत ठेवतो, कामाची बातमी असेल तर मोठ्यानं वाचून दाखवतो. स्वतःपुरता पेपर घरी घेणाऱ्याला आमच्यात थोडं हसतात. त्यामुळे रीडरचंही एकच खातं काढायचं हे कोणी सुचवायच्या आधीच ठरलं होतं. एक खातं, एक पासवर्ड, पाच जणांचे फोन. मी, बहीण, गटातले दोघे, आणि माझे बाबा. बाबा खमरियाच्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहेत, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. त्यांना खात्यात घेतलं कारण त्यांनी हट्टच धरला. म्हणाले, "मी बसमधे रिकामाच असतो नं. तुमी झोपून राहता तवा मी पाहत जाईन."

आणि ते रोज पाहायचे. फॅक्टरीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.

पुढे एक दिवस दुपारी मॅडमचा फोन आला. "बहिणीचं भरून झालं का?"

"काय भरून?"

"अगं, दुसरी फेरी. काल सकाळी लागलीय. आज संध्याकाळी पाचला बंद."

मी म्हटलं शक्य नाही, आमच्याकडे काही आलेलं नाही. मी सकाळीच रीडर उघडला होता. न वाचलेलं, शून्य. मॅडम म्हणाल्या, "न वाचलेलं बघू नकोस. सगळं दाखव म्हण त्याला." मी तसं केलं आणि ती तिथे होती. फिक्या अक्षरात. वाचून झालेल्याचं अक्षर फिकं होतं आणि न वाचलेल्याच्या यादीतून ते निघून जातं. कोणीतरी ती उघडली होती. एकानं उघडली, आणि पाचही फोनांवर ती वाचून झालेली ठरली.

कोणी उघडली ते विचारत बसायला वेळ नव्हता. बहिणीचा फोन कारखान्यात बंद. मी स्कूटी काढली. खमरियाहून रिछाई गाठली तेव्हा त्यांची जेवणाची सुटी संपून गेली होती. गेटवरच्या गार्डला सांगितलं, तर तो म्हणाला, सुपरवायझर सोडणार नाही. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू केलं. तेवढ्यात मावशी आतून आली, माझा आवाज ओळखून. तिनं ऐकून घेतलं, मला म्हणाली, "तू चूप राह्य थोडी," आणि सुपरवायझरकडे गेली. काय बोलली माहीत नाही. परत आली ती बहिणीला घेऊन. म्हणाली, "हिच्या वाटचे डबे मी करून राहिली. जा आता, उभ्या काहून आहा?"

कियोस्कवर रांग होती. साइट अर्ध्यात अडकायची. बहीण बोटांवर चिकटलेलं लेबल काढत उभी होती आणि मला म्हणाली, "ताई, अगर नहीं हुआ तो मावशी को तू बोलना, मैं नहीं बोलूंगी." मावशी म्हणजे माझी आई. स्वतःच्या आईला काय सांगायचं ते बहिणीनं मनात आधीच ठरवून टाकलं होतं की काय, मला विचारवलं नाही. कॉलेजं भरली. छिंदवाडा वर, मग सागर, मग बाकीची. कियोस्कवाल्या भैयानं लॉकचं बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग पावती निघाली. मुदत संपायला थोडा वेळ होता. फार नाही.

संध्याकाळी बाबा घरी आले. फॅक्टरीत फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे दिवसभर त्यांना काही माहीत नव्हतं. मी विचारलं, "बाबा, काल नोटीस उघडली होती का?"

"हो. मीच पाह्यली पहिले. बसमधे," ते खुशीत म्हणाले. "पण आत जे होतं ते उघडलं नाही बाप्पा. गेट आला. म्हटलं, तुमी पाहसान."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगाचं काय त्यात? सगळ्यायले दिसतेच नं."

मग मी त्यांना सांगितलं की तुम्ही उघडली म्हणून ती आम्हाला दिसली नाही. त्यांना हे पटेना. बूट काढायचे थांबून ते म्हणाले, "गेटच्या बोर्डावरची नोटीस मी वाचली म्हणून ती कोरी होते का? असा कसा बोर्ड बनवला तुमच्या लोकायनं?"

आई आतून म्हणाली, "तो बोर्डही तुमच्यावरच गेला. एकानं वाचली का दुसऱ्याले सांगत नाही."

मी बाबांवर चिडायला तयार होऊन बसले होते आणि चिडता आलं नाही. त्यांचं बरोबर होतं. ज्यानं तो रीडर बनवला त्यानं असा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता जो एकटा बसून वाचतो. पाच जण मिळून वाचतात, बसमध्ये बसून दुसऱ्याच्या मुलीची नोटीस शोधतात, हे त्याच्या डोक्यात आलंच नसेल. मला अजूनही वाटतं, चूक आमच्या रीतीची नव्हती. पण मुदत बहिणीची जात होती, रीडर बनवणाऱ्याची नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आमच्या खात्यातली यादी फाइलमध्ये बाहेर काढली, पाच वेगळी खाती उघडून पाचात तीच फाइल घातली. चहा निवायच्या आत झालं. आता प्रत्येक नोटीस प्रत्येकाला गडद, ज्यानं त्यानं स्वतः वाचेपर्यंत. मी विचारलं, "पण तुम्हाला कशी कळली? तुमच्या घरात कोण नर्सिंगला आहे?"

"कोणी नाही. त्या दिवशी जोडताना माझ्याकडेही जोडून ठेवली. लोणच्यांच्या खाली."

"काहून?"

"अच्छा, आता याचं पण कारण लिहून देऊ?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. निषेधाची, धिक्काराची, इशाऱ्याची वाक्यं माझ्याकडे तयार असतात. याचं एकही नव्हतं. मी कप उचलून विसळायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे, बाई येते." मग मी कप परत ठेवून म्हटलं, "मॅडम, तुम्ही फोन केला नसता तर ती गेली असती." त्या म्हणाल्या, "हां. पण ती गेली नाही." आणि बहिणीच्या चपलांचा विषय काढला. नर्सिंगला दिवसभर उभं राहावं लागतं, तिला टाचेला मऊ अशा घेऊन द्या, दिखाऊ नको.

बहिणीला छिंदवाडा मिळालं. कागद तपासायला मी, मावशी आणि ती गेलो. मावशीनं कारखान्यातून रजा घेतली होती आणि साडी इस्त्रीची होती. ती आत खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली, बहिणीनं सही करेपर्यंत. मग एकदम बसली.

मी त्या मॅडमची ऋणी आहे. माझ्या मावशीची आहे, जिनं दोघींचे डबे एकटीनं केले. आणि बाबांचीही आहे, हे आमच्या गटात कोणी म्हणत नाही, म्हणून मी म्हणते. ती नोटीस आमच्यात सगळ्यांच्या आधी त्यांनीच पाहिली होती.

बहीण हॉस्टेलला गेल्यावर मी एक दिवस बाबांना म्हटलं, आता त्या कार्यालयाची फीड काढून टाका, फोन द्या, मी काढते. ते ओट्यावर बसले होते, शेजारचे काका बाजूला. फोन त्यांनी दिला नाही.

"राहू दे नं," म्हणाले. "कोणाची तरी पोरगी असंल."

आणि चष्मा कपाळावर सारून शेजारच्या काकांना, ज्यांना दोन मुलगे आहेत आणि दोघेही नोकरीला आहेत, त्यांनी मुलींसाठीच्या एएनएम नर्सिंग प्रशिक्षणाची नोटीस वाचून दाखवायला सुरुवात केली. मोठ्यानं, समोरच्या क्वार्टरला ऐकू जाईल अशी. पात्रतेच्या अटींपर्यंत आले तेव्हा समोरची एक बाई पदराला हात पुसत फाटकापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तारीख काय म्हटली?"